‘शटर काउंट फक्त ८ हजार’ : जुना डीएसएलआर घेताना हा आकडा कसा वाचायचा?

जुन्या वस्तूंच्या कुठल्याही ॲपवर अंबरनाथ, आनंदनगर असं लोकेशन टाकून ‘डीएसएलआर’ शोधा. बॉडी, किट लेन्स, बॅग, दोन बॅटऱ्या, आणि शेवटी एक ओळ असते: ‘शटर काउंट फक्त ८ हजार’. लग्नाचे फोटो काढणारे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळतायत आणि त्यांचे डीएसएलआर बाजारात येतायत. घेणारे बहुतेक कॉलेजातले, रील्स आणि प्री-वेडिंगची कामं सुरू करू पाहणारे. पंचवीस-तीस हजार रुपये, तेही घरून मागून आणलेले, या एका आकड्यावर लावायचे का, हा खरा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की आकडा बघायचाच, पण आपण स्वतः काढून बघायचा. आणि तो काय सांगत नाही हेही माहीत हवं.

हे कॅमेरे आत्ताच स्वस्त का झाले?

जपानच्या कॅमेरा उद्योगाची संघटना ‘सीपा’ दरवर्षी आकडे जाहीर करते. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही आत आले. मधली जागा आपल्या खिशातल्या फोननं खाल्ली. उरलेल्या बाजारात २०२० साली मिररलेस पहिल्यांदाच डीएसएलआरच्या पुढे गेले. जुलै २०२२ मध्ये ‘निक्केई’ या जपानी दैनिकानं निकॉन एसएलआरचं काम थांबवतेय अशी बातमी दिली. निकॉननं ती नाकारली. पण २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन, कुणीही नवा डीएसएलआर आणलेला नाही.

म्हणजे इथून पुढे डीएसएलआर घ्यायचा तर बहुतेकांना जुनाच घ्यावा लागेल. जुनी बाइक घेताना आपण आधी ‘रनिंग किती?’ विचारतो. कॅमेऱ्याचं रनिंग म्हणजे शटर काउंट.

शटर काउंट म्हणजे नेमकं काय?

फोनच्या कॅमेऱ्यात ‘खटॅक्’ आवाज स्पीकरमधून येतो, आत हलणारं शटर नसतं. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे खरोखरचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की आरसा वर जातो, पहिला पडदा उघडतो, दुसरा बंद होतो. सेकंदाच्या छोट्याशा भागात हे सगळं होतं. प्रत्येक वेळी थोडी झीज होते आणि कॅमेरा आत एक आकडा वाढवतो.

काही मॉडेलांचं शटर किती वेळा चालवून तपासलंय हे कंपन्या जाहीर करतात. कॅनन ८०डी १ लाख, ५डी मार्क ४ दीड लाख. निकॉन डी७२०० आणि डी७५० दीड लाख, डी८५० २ लाख. सोनी ए७ मार्क ३ सुमारे २ लाख. कॅननच्या १डी एक्स मार्क ३ साठी तर ५ लाख. ही एक्स्पायरी डेट नाही. ७० हजारांवर गेलेली शटर असतात आणि ३ लाखांवर चालणारीही असतात. शटर गेलं की कॅननवर बऱ्याचदा ‘एरर २०’ येतो.

आता साधा हिशोब करा. एका लग्नात समजा २५०० फोटो. वर्षात ४० लग्नं. झाले १ लाख. घरगुती वापरात वर्षाला ५ हजार फोटो धरले तर तेवढंच अंतर कापायला २० वर्षं लागतील. म्हणून ‘तीन वर्षं लग्नाचं काम केलंय’ आणि ‘काउंट ८ हजार’ ही दोन वाक्यं एकाच जाहिरातीत दिसली तर थांबा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत तो का सापडत नाही?

कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये बरीच माहिती लिहितो: मॉडेल, लेन्स, तारीख, सिरीयल नंबर. याला एक्झिफ म्हणतात. निकॉन यातच शटर काउंटही लिहितं. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांतही तो मिळतो, फक्त कूटबद्ध केलेला असतो.

विक्रेत्याकडे ‘एक फोटो पाठवा’ म्हटलं की तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि त्यात ही सगळी माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी येते. तरीही एक प्रश्न उरतो: तो फोटो याच कॅमेऱ्याचा कशावरून? मित्राच्या नव्या कॅमेऱ्यातला फोटो पाठवायला काय लागतं?

आणखी एक गोंधळ फाइलच्या नावाचा. ‘डीएससी ४३१२’ म्हणजे ४३१२ फोटो नव्हेत. ९९९९ नंतर नंबर पुन्हा १ वर येतो, आणि मेनूतून तो शून्यही करता येतो.

मग तपासायचं कसं?

१. स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड न्या. समोरच तुमच्या हातानं एक फोटो काढा. समोरच्या भिंतीचा चालेल.

२. ती मूळ फाइल लॅपटॉपवर ‘एक्झिफटूल’मध्ये उघडा. हे मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. फोटो अपलोड करून काउंट सांगणाऱ्या वेबसाइट्सही आहेत, पण तिथे सिरीयल नंबरही जातो हे लक्षात ठेवा.

३. फाइलमधला सिरीयल नंबर आणि बॉडीच्या खाली छापलेला नंबर जुळतात का बघा. मग बिल आणि बॉक्सवरचा नंबर.

४. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत काउंट फोटोत नसतोच. कॅमेरा केबलनं जोडून वाचावा लागतो. लिनक्सवर ‘जीफोटो२’ हे मोफत सॉफ्टवेअर अनेक मॉडेलांचा काउंट काढतं, सगळ्यांचा नाही. नाहीच जमलं तर दुरुस्तीवाल्याकडे नेऊन बघा.

५. शटर बदललंय का विचारा. बदललं असेल तर त्याची पावती मागा. नव्या शटरचा कॅमेरा वाईट नसतो, उलट चांगलाही असतो. पण ते सांगितलं पाहिजे.

कमी आकडा म्हणजे चांगला कॅमेरा?

नाही. व्हिडिओ काढताना शटर एकदा उघडून उघडंच राहतं. चार तास हळदीचं शूटिंग झालं तरी काउंट जेमतेम वाढतो. सेन्सर तापतो, बॅटरी झिजते, ते कुठेच मोजलं जात नाही.

आपल्याकडचा दुसरा शत्रू पावसाळा. कोंडेश्वरला धबधब्याखाली नेलेला किंवा चार महिने बंद कपाटात पडलेला कॅमेरा कमी काउंटचाच असतो, पण लेन्समध्ये बुरशी धरलेली असू शकते. लेन्समधून उजेडाकडे बघा. जाळ्यासारखं दिसलं तर घेऊ नका.

मिररलेसमध्ये तर या आकड्याचा अर्थच बदलतो. सायलेंट मोडमध्ये पडदे हलतच नाहीत. निकॉनच्या झेड मालिकेत म्हणून फाइलमध्ये एकूण काउंट आणि मेकॅनिकल काउंट असे दोन आकडे सापडतात. झेड९ (२०२१) आणि झेड८ (२०२३) मध्ये मेकॅनिकल शटरच नाही.

एवढी शोधाशोध आपणच का करायची?

इथे मला खटकतं ते हे. आयफोन १५ पासून बॅटरी किती वेळा चार्ज झाली हे फोनच्या सेटिंग्जमध्येच दिसतं. जुना फोन चोरीचा आहे का हे ‘संचार साथी’वर आयएमईआय टाकून कळतं; मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. कॅमेऱ्यासाठी अशी कुठलीही सरकारी यादी नाही. आणि मशीनला स्वतःचा काउंट माहीत असूनही बहुतेक मॉडेलांच्या मेनूत तो दाखवला जात नाही. एक सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, मेमरीत असलेला आकडा स्क्रीनवर आणणं हे अवघड काम नाही. ते न करणं हा कंपनीचा निर्णय आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करायचा हक्क मान्य होत असेल, तर ती किती वापरली गेलीय हे कळण्याचा हक्कही त्यात धरायला हवा. विकणाऱ्याचाही त्यात फायदाच आहे: ज्यानं कॅमेरा खरंच जपून वापरला, त्याला आज ते सिद्ध करायची सोपी सोय नाही.

तोवर एक करा. दुकानातून घ्या किंवा घरगुती विक्रेत्याकडून, मॉडेल, सिरीयल नंबर, त्या दिवशीचा काउंट आणि रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. दुकानदाराचं पक्कं बिल असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. ओळखीतल्या व्यवहारात तो कागदच तुमचा पुरावा. विकणारा सही करायला किंवा समोर एक फोटो काढू द्यायला तयार नसेल, तर काउंट ८ हजार असो की ८०, तो कॅमेरा सोडून द्या.