गुरूला हिशेब विचारायचाच

कर्जतमध्ये मुलीला हार्मोनियमच्या क्लासला घातलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "आपल्यात हे चालतं का?" मी अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेतलं. त्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, सवाई गंधर्वांसारखा शिष्य घडवला.

आमच्या सरांनी मात्र तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली आणि निम्मे तास बुडवले. विचारलं तर म्हणाले, "गुरूला हिशेब विचारता?"

विचारणारच! मीही शिक्षक आहे, माझी हजेरी रोज लागते. अदब इल्मची असते, बुडवलेल्या तासांची नव्हे. नातेवाईक हसतील म्हणून गप्प बसणारे आपण पालकच अशांना पोसतो.

फी महिन्याची द्या, पावती घ्या, तास वहीत मांडा. तरी सुधारणा नसेल तर सर बदला. मुलीचं गाणं बंद करू नका.