ऑफिसात मोटरसायकल चार्ज केली, तर बिल कोणाचे?

इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली, पण घर चौथ्या मजल्यावर आणि पार्किंगमध्ये सॉकेट नाही. पुण्या-मुंबईत ही अडचण अनेकांची आहे. मग गाडी आठ तास उभी राहते ते कामाचे ठिकाणच उरते. तिथे मात्र ‘कंपनीची वीज फुकट वापरू नका’ असे ऐकावे लागते.

हिशेब काय सांगतो?
अशा गाडीची बॅटरी साधारण ३ ते ४ किलोवॅट-तासांची असते. रोजच्या २०-२५ किलोमीटरच्या प्रवासाला जेमतेम १ युनिट लागते. व्यावसायिक दराने धरले तरी हा खर्च एक-दोन कप चहाइतकाच.

मग खरा प्रश्न कोणता?
सुरक्षेचा. परवानगी नाकारली की जिन्याखाली एक्स्टेन्शन बोर्ड लावून चोरून चार्जिंग सुरू होते. चार्जर तासन्‌तास वीज ओढतो. हलकी वायर किंवा सैल प्लग तापून आग लागू शकते. त्यापेक्षा पार्किंगमध्ये अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी बसवणे शहाणपणाचे.

पैसे घेता येतात का?
हो. वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यासाठी परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा कंपन्यांनी सबमीटर लावावा, दर सूचना फलकावर लिहावा आणि वापराइतके पैसे घ्यावेत. कर्मचाऱ्यांनीही ते आनंदाने द्यावेत. बंदीपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि सुरक्षित आहे.