बंद करायला परवानगी कशाला?

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत रात्री दोन वाजता जागा असणारा माणूस एकच, वॉचमन. गॅसचा वास आला, मीटर खोलीत ठिणग्या उडाल्या, पाण्याची लाइन फुटली, तर पहिला धावतो तो तोच. आणि नेमका त्याच्याच हातात आपण काही ठेवलेलं नसतं. मीटर खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे, गच्चीची खजिनदारांकडे. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते मॅनेजरला ठाऊक, पण तो संध्याकाळीच घरी गेलेला. वॉचमन एकेकाला फोन लावत बसतो.

माझं म्हणणं असं की, धोका दिसला की वीज, गॅस किंवा पाणी बंद करायला हजर असलेल्या माणसाला कुणाचीही परवानगी लागता कामा नये. तसा ठराव कमिटीनं करावा आणि त्याची प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये लावावी. त्याचा अंदाज चुकला, तरी त्याला बोल लावायचा नाही, हेही त्यात लिहावं. नोकरीच्या भीतीनं घुटमळणारा हात स्विचपर्यंत वेळेत पोहोचत नाही.

अर्थात नुसता अधिकार देऊन भागत नाही, कारण विजेचं काम दिसतं तितकं सरळ नाही. मेन खाली ओढला की इमारतीतली वीज गेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ज्या सोसायटीत आपोआप सुरू होणारा जनरेटर आहे, तिथे मेन बंद होताच काही सेकंदांत तो धडधडायला लागतो आणि त्याच्यावर जोडलेल्या वायरी पुन्हा जिवंत होतात. म्हणून आधी जनरेटर ‘ऑटो’वरून काढायचा, मग मेन. गच्चीवर सोलर असेल तर ग्रिड गेल्यावर त्याचा इन्व्हर्टर थांबतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या केबलमध्ये ऊन असेपर्यंत वीज असतेच. घराघरांतले बॅटरीवरचे इन्व्हर्टर तर कुणाच्या खिजगणतीतही नसतात. शिवाय लिफ्टमध्ये कुणी अडकेल का आणि कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, हे आधीच माहीत हवं. अशा घरांची यादी केबिनमध्ये असली की त्या दारांवर लगेच जाता येतं.

आता आगीच्या वेळचं. आगीचा पंप आणि फायर लिफ्ट यांची लाइन वेगळी हवी, इमारतीचा मेन बंद केला तरी ती चालू राहिली पाहिजे. २००६च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या वेळी एजन्सीच्या माणसाला सांगा, मेन बंद करा आणि पंप चालवून दाखवा. नुसत्या सहीवर समाधान मानू नका.

पुराच्या वेळी मात्र घाई हाच शहाणपणा. २५ जुलै २०२४ला पुण्यात पुलाची वाडी इथे साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून तिघे गेले. ज्यांची मीटर खोली तळमजल्यावर आहे, त्यांनी बाहेरच्या भिंतीवर लाल रेघ ओढून ठेवावी आणि पाणी त्या रेघेला टेकायच्या आत मेन बंद करावा. खोलीत पाणी शिरल्यावर मेनला हात लावायचा नाही, मग वीज कंपनीकडूनच पुरवठा तोडून घ्यायचा. गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि मोडका सोफा त्या खोलीत कोंबून ठेवला असेल, तर आधी तो बाहेर काढा.

पाण्याचं सोपं आहे. गच्चीवरच्या प्रत्येक डाउनटेकच्या व्हॉल्व्हवर विंगचं नाव रंगवा आणि अधूनमधून तो फिरवा. वर्षानुवर्षं न हललेला गेट व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम होतो आणि जोर लावला की दांडीच तुटते.

गॅसचा व्हॉल्व्ह पाव फेरीचा. दांडी पाइपला समांतर असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. एवढं एक चित्र त्याच्या शेजारी लावलं तर नव्या माणसालाही कळेल. त्याच्यासमोर स्कूटर लावू देऊ नका. वास येत असलेल्या जागी दिव्याचं बटण दाबायचं नाही, बंद करायलाही नाही, आणि बेलही वाजवायची नाही. दार हातानं ठोठावायचं.

बंद करणं कुणालाही चालेल, पण गॅस पुन्हा सुरू करणं कुणालाही चालणार नाही. मेन बंद झाला तेव्हा कुणाची तरी शेगडी पेटलेली असते. ज्योत विझते, पण बटण उघडंच राहतं. वॉचमननं सकाळी भाबडेपणानं व्हॉल्व्ह उघडला, तर त्या स्वयंपाकघरात गॅस भरत राहतो. कदाचित त्या घराला कुलूपही असेल. म्हणून तो व्हॉल्व्ह गॅस कंपनीच्या माणसानंच, प्रत्येक घर तपासून उघडायचा. त्यासाठी दुपारपर्यंत चहा मिळाला नाही आणि रहिवासी ओरडले, तर मॅनेजरनं ते ऐकून घ्यावं आणि कमिटीनं त्याच्या पाठीशी उभं राहावं.