प्लेगचा उंदीर आणि आमची पंगत

१८९४ मध्ये हाँगकाँगला भडकलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे आमच्या इंदुरातही आला. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास पाचारण केले. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. पण साहेबांची खरी करामत अहवालाबाहेरची. एका दिवाळीत दरबाराने त्यांना एका दिवसाचा महाराजा केले. त्यांनी दवंडी पिटवली, की जिथली घरे सर्वांत नीट झाडली-सारवली जातील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय! गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. भीतीला सणाची आणि आळीच्या अभिमानाची जोड मिळाली.

करोनाच्या साथीत भीती उदंड होती, जोड मात्र नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत हवा निवळली, ती टाळेबंदी उठताच पुन्हा गढूळ झाली. ओला-सुका कचरा वेगळा करणे टिकले, पण ती सवय साथीच्या आधीची. २०१७ पासूनच्या पहिल्या क्रमांकाच्या अभिमानावर उभी. साथीने वाढवली ती वापरून फेकायची भांडी. आरोग्याच्या नावाने शिरलेली ही भांडी आमच्या गणेशोत्सवातून आणि मुंजीतून अजून हलत नाहीत. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आतून प्लॅस्टिकचा थर दिलेले कागदी पेले आले. बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या आम्हांस हे एका खात्यातली उधारी दुसऱ्या खात्यात टाकल्यासारखे वाटते. साबणाने धुतलेल्या स्टीलच्या ताटाने कोणाला करोना झाला नसता.

अभिमानाच्या युक्तीतही एक खोट आहे. मिरवणूक जाते तिथेच झाडू जातो. जमिनीखालून मिरवणूक जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळून माणसे दगावली, तीही स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात. तेव्हा पुढच्या महापालिका निवडणुकीत दाराशी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, मग तो मराठी असला तरी, विचारावे: आमच्या गल्लीची नळवाहिनी कोणत्या साली बदलली? गटाराची वाहिनी तिच्यापासून किती अंतरावर आहे?

आणि यंदाच्या गणेशोत्सवात पंगत स्टीलच्या ताटांवर किंवा पळसाच्या पत्रावळीवर बसावी. ताटे घासायला माणसे लावावी लागतील. त्यांची मजुरी वर्गणीतून द्यावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवत आहोत.