दोन राष्ट्रीय कलावंतांचं एक गाव

मराठी माणसाला मनिला हे नाव बहुतेक मॅगसेसे पुरस्कारामुळे माहीत असतं. १९५८ साली, म्हणजे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, तो विनोबांना मिळाला. पुढे १९८५ मध्ये बाबा आमटे, २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, २०११ मध्ये नीलिमा मिश्रा. विनोबांचा जन्म रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा. नीलिमाताईंचं काम जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरचं. म्हणजे आपल्या लहान गावांतल्या माणसांची दखल या शहराने वेळोवेळी घेतली.

कामानिमित्त मनिलात राहायला लागल्यापासून मला याची उलट बाजू सतावते. फिलिपिन्समधल्या लहान गावांतली किती माणसं आपल्याला माहीत आहेत? मॅनी पॅकियाओच्या पुढे आपली गाडी जात नाही. इथे नोकरीला असलेले मराठी लोक सुट्टी लागली की बोराकाय, पलावान गाठतात. दावाओला वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली आपली मुलं अभ्यासात बुडालेली असतात. म्हणून आज एका गावाबद्दल लिहितो. त्याचं नाव अंगोनो.

मनिलापासून पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर, लागुना दे बाय या देशातल्या सर्वात मोठ्या सरोवराच्या काठावर हे गाव आहे. प्रांत रिझाल. क्षेत्रफळ जेमतेम २६ चौरस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तासाभरात पोहोचता येतं, पण मनिलात रस्ता मोकळा असण्याची वेळ कोणती, हे मला अजून कळलेलं नाही. पूर्वी कोळी आणि शेतकऱ्यांचं असलेलं हे गाव आज मनिलाचं उपनगरच झालंय. मॉल आहेत, रिक्षांसारख्या ट्रायसिकलची गर्दी आहे, सकाळी कामाला निघालेल्यांच्या रांगा आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही. तरीही साऱ्या फिलिपिन्समध्ये हे गाव 'कलेची राजधानी' म्हणून ओळखलं जातं.

त्यामागे दोन नावं आहेत. चित्रकार कार्लोस 'बोतोंग' फ्रान्सिस्को आणि संगीतकार लुसिओ सान पेद्रो. पहिल्याचा जन्म नोव्हेंबर १९१२ चा, दुसऱ्याचा फेब्रुवारी १९१३ चा. एकाच गावात, जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने. फिलिपिन्समध्ये 'राष्ट्रीय कलावंत' हा कलाक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान आहे. बोतोंग यांना तो १९७३ मध्ये मरणोत्तर मिळाला, सान पेद्रो यांना १९९१ मध्ये. योगायोग असा, की दोघांचं निधनही ३१ मार्चलाच झालं. एकाचं १९६९ मध्ये, दुसऱ्याचं २००२ मध्ये.

बोतोंग यांची भित्तिचित्रं पाहायची तर मनिलाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात जावं. मनिला महापालिकेसाठी साठच्या दशकात त्यांनी देशाचा सगळा इतिहास रंगवला. परकीय येण्याआधीचे सरदार, स्पॅनिश जहाजं, क्रांतिकारक, अमेरिकन अंमल, सगळं एकात एक गुंफत नदीसारखं वाहत जातं. त्याआधी १९५३ मध्ये त्यांनी तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी देशातल्या वैद्यकाची वाटचाल चार भव्य चित्रांत मांडली. गावच्या वैदू बाईपासून आधुनिक शस्त्रक्रियेपर्यंत. मी ही चित्रं पाहिली तेव्हा डोळ्यांत भरली ती त्यांतली माणसं. इतिहासातले वीर असोत की मासे विकणाऱ्या बायका, चेहरे आणि शरीरं अस्सल मातीतली. दंड पिळदार, पावलं रुंद, अंगावरचे कपडे वाऱ्यावर हललेले. कुठल्याही आठवडी बाजारात भेटतील अशी.

ही माणसं त्यांना मिळाली ती अंगोनोत. बोतोंग यांनी मनिलाच्या विद्यापीठात शिकवलं, सिनेमासाठीही काम केलं. मानुएल कोंदे यांचा 'चंगेझ खान' हा चित्रपट १९५२ च्या व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला, त्याच्या कलाबाजूत त्यांचा मोठा हात होता. पण राहिले ते गावातच. एवढ्या प्रचंड चित्रांचं काम त्यांनी अंगोनोतल्या घरी केलं. 'मोठं व्हायचं तर गाव सोडावं लागतं' हे आपल्याकडचं पाठ झालेलं वाक्य या माणसाला लागू पडत नाही.

सान पेद्रो यांची गोष्ट थोडी निराळी. आजोबा गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. ते गेल्यावर विशीही न गाठलेल्या नातवाने ती जागा घेतली. पुढे तो न्यूयॉर्कला ज्युलियर्डमध्ये शिकून आला, विद्यापीठात प्राध्यापक झाला, त्याने वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना केल्या. पण देशाच्या कानाकोपऱ्यात तो पोहोचला तो एका अंगाईने. 'सा उगोय नांग दुयान', म्हणजे 'पाळण्याच्या झोक्यात'. शब्द लेव्ही सेलेरियो यांचे. चाल मात्र सान पेद्रो यांची आई मुलांना झोपवताना जे गुणगुणायची, त्यातून आलेली, असं सांगतात. आईजवळचे ते दिवस परत यावेत, अशी मोठ्या झालेल्या मुलाची हुरहुर त्या गाण्यात आहे.

मंडळी, तुम्ही दुबईत, दोह्यात किंवा लंडनच्या एखाद्या रुग्णालयात फिलिपिनो नर्सबरोबर काम केलं असेल, तर तिला या गाण्याबद्दल एकदा विचारून बघा. माझ्या कार्यालयातली एक सहकारी अंगोनोचीच. तिची थोरली बहीण बरीच वर्षं आखातात आहे. घरी वाढदिवसाला व्हिडिओ कॉल लावला की शेवटी कोणी ना कोणी हे गाणं म्हणतं आणि मग आई स्वयंपाकघरात निघून जाते, असं तिने मला सांगितलं. भाषा न कळताही मला ते पुरेपूर कळलं. एका गावातल्या एका बाईचं गुणगुणणं, आणि त्यावर परदेशात राबणारा अख्खा देश डोळे पुसतोय. गावाच्या अभिमानाची याहून मोठी गोष्ट कोणती असेल?

आता गावाच्या सणाबद्दल. २३ नोव्हेंबरला कोळ्यांचे रक्षक मानले जाणारे संत क्लेमेंते यांचा उत्सव असतो. संतांची मूर्ती मिरवणुकीने सरोवरावर नेतात आणि वाटेत लोक एकमेकांना मनसोक्त भिजवतात. आपली रंगपंचमीच, फक्त रंगाविना. त्याच सुमारास निघतात 'हिगांते', दहा-बारा फूट उंचीचे राक्षसी पुतळे. बांबू-वेताचा सांगाडा, कागदाच्या लगद्याचं भलंमोठं तोंड, अंगावर झगझगीत कापड, आणि आत एक माणूस तो डोलारा खांद्यावर घेऊन नाचत असतो. पुतळ्यांचे हात कमरेवर. गावात सांगतात ते असं, की स्पॅनिश काळात जमीनदाराविरुद्ध बोलायची सोय नव्हती, तेव्हा कुळांनी त्याचीच नक्कल करणारे हे पुतळे केले. कमरेवर हात ठेवून हुकूम सोडणारा मालक, आणि त्याला नाचवणारी त्याचीच कुळं!

आधी आई, बाप आणि मूल एवढेच हिगांते असायचे. १९८७ मध्ये गावातले चित्रकार पेर्दिगोन व्होकालान यांनी कल्पना मांडली, की प्रत्येक बारांगायने, म्हणजे वाडीने म्हणा किंवा प्रभागाने म्हणा, आपापले हिगांते करावेत आणि त्यांतून आपला धंदा, आपली ओळख दाखवावी. गावात असे दहा बारांगाय आहेत. तेव्हापासून कुठे कोळीण, कुठे शेतकरी, कुठे बदकवाली असे पुतळे निघू लागले. बदकं इथली खासियत, तळलेलं बदक खायला लोक मनिलाहून येतात. मी शाकाहारी असल्यामुळे त्या बाबतीत माझी साक्ष धरू नका.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा पर्यटनाचा खेळ आहे. खरंच आहे. पर्यटन खात्याचा त्यात हात आहे, पुढाऱ्यांचे फलक आहेत, जाहिराती आहेत. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात काय वेगळं असतं? मला महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. हिगांतेचं तोंड कसं करायचं, हे गावातल्या पोरांना येतं. मातीचा साचा, त्यावर कागदाचे थर, वाळवणं, रंगवणं. मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडमध्ये शाळकरी मुलं आहेत. बोतोंगनंतर होसे ब्लांको नावाचे चित्रकार झाले. त्यांची पत्नी आणि सातही मुलं चित्रकार, त्यांचं कुटुंबाचं संग्रहालय गावात आहे. नेमेसिओ मिरांदा यांच्यासारखे शिल्पकार-चित्रकार आहेत. बोतोंग यांच्या घराच्या गल्लीत भिंतींवर सिमेंटमध्ये त्यांच्याच चित्रांचे उठाव केलेत. पोरं तिथे सायकली टेकवून गप्पा मारत बसतात. त्यांना ते स्मारक वाटतच नाही.

अंगोनोचा सर्वात जुना अभिमान मात्र कोणा माणसाच्या नावावर नाही. १९६५ मध्ये बोतोंग बॉय स्काऊटच्या मुलांना डोंगरात फिरायला घेऊन गेले होते. तिथे एका उथळ गुहेच्या भिंतीवर त्यांना कोरलेल्या आकृत्या दिसल्या. माणसांच्या, प्राण्यांच्या, एकूण १२७. अभ्यासकांच्या मते त्या चार हजार वर्षांहून जुन्या असाव्यात. आजारी मुलाचं दुखणं दगडाने ओढून घ्यावं म्हणून त्या कोरल्या असाव्यात, असाही एक अंदाज आहे. देशातली ही सर्वात जुनी ज्ञात कला. आणि ती दिसली कोणाला, तर गावातल्याच चित्रकाराला.

हे वाचताना कोकणातल्या वाचकांना रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं आठवतील. तीही जगासमोर आली ती सड्यावर पायपीट करणाऱ्या स्थानिक हौशी माणसांमुळे. युनेस्कोच्या ज्या तात्पुरत्या यादीत आपली कातळशिल्पं २०२२ मध्ये गेली, त्याच यादीत अंगोनोच्या आकृत्या बऱ्याच आधीपासून आहेत. दोघांपुढची चिंताही सारखी. अंगोनोचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. पाऊस, वारा आणि नावं कोरणारे हौशी यांनी तो झिजतो, आणि मनिलाची वस्ती डोंगरापर्यंत चढत आली आहे. आपल्याकडे चिऱ्याच्या खाणी, रस्ते आणि प्रकल्प. चार हजार वर्षं टिकलेलं एका पिढीत पुसलं जाऊ शकतं, आणि तसं झालं तर अभिमानाची भाषणं करायला आपण मोकळेच.

म्हणूनच हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा गावाभिमान जरा जास्तच टोकदार असतो. गावच्या ग्रुपवर कोण कलेक्टर झालं, कोणाला पुरस्कार मिळाला, कोणाचा मुलगा अमेरिकेत कुठे लागला, याची यादी रोज फिरते. वर्गणीही आपण मनापासून पाठवतो. तिची कमान होते, सभामंडप होतो, संगमरवरी पाटीवर आपलं नाव येतं. यात वाईट काही नाही. पण त्याच गावातली भजनी मंडळात पखवाज वाजवणारी शेवटची पिढी थकत चालली आहे, दशावतारात राजा होणारा माणूस साठीला आला आहे, आणि त्यांच्यामागे शिकणारं कोणी आहे का, हे आपण विचारत नाही. माझ्या गावात मी गेल्या खेपेला चौकशी केली. सनई वाजवणारे एकच काका उरलेत, आणि लग्नाला आता स्पीकरवर सनई लावतात.

बोतोंग आणि सान पेद्रो आभाळातून पडले नाहीत. चर्चमध्ये ऑर्गन होता आणि तो वाजवणारे आजोबा होते, म्हणून नातू बसला. गावात बँड होता, सण होता, पाहण्यासारखी माणसं होती, म्हणून चित्रकाराला विषय मिळाले. गावाने आधी त्यांना काही दिलं, मग त्यांनी गावाला नाव दिलं. आपण या हिशेबाची दुसरी बाजूच तेवढी साजरी करतो.

कौतुक पुरे, आता एक सूचना करतो. पुढच्या वेळी गावी पैसे पाठवाल, तेव्हा त्यातला काही भाग शिकवणाऱ्यासाठी राखून ठेवा. एका पखवाजवादकाचं वर्षाचं मानधन, चार मुलांसाठी मृदंग, लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे सुट्टीत दोन शिकाऊ पोरं, कातळशिल्पाभोवती साधं दगडी कुंपण. चार-पाच जणांनी मिळून केलं तर परदेशातल्या पगारावर हे अवघड नाही. पाटीची अट घालू नका. आणि एक फोन करून एवढंच विचारा, 'यंदा शिकायला किती मुलं आली?'

फिलिपिन्समध्ये परदेशात काम करणाऱ्यांना 'नवे वीर' म्हणतात. त्यांच्या पैशावर लाखो घरं चालतात, हे खरंच आहे. पण अंगोनोत त्या पैशातून मुलाला वाद्य घेऊन देणारे आईबापही आहेत. माझ्या सहकारीच्या भाच्याकडचा क्लॅरिनेट आखातातून आलेल्या पैशाचा आहे. तो उद्या सान पेद्रो होईल की नाही, कोण जाणे. येत्या नोव्हेंबरच्या मिरवणुकीत तो वाजवणार आहे, आणि त्याची आई दूर आखातातून मोबाइलवर ते बघणार आहे.