उपचार घेत डॉक्टर होणाऱ्यांसाठी

वस्तीतल्या एखाद्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की विहारासमोर अभिनंदनाचा फलक लागतो. वर्षभराने त्याच मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागले, तर ती गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. या शाळेच्या वसतिगृहातून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या आम्हां काही माजी विद्यार्थ्यांना या दोन्हींचा अनुभव आहे. म्हणून या स्मरणिकेत गौरवाच्या शब्दांबरोबर हेही लिहावे, असे आम्हांस वाटले.

आमच्यापैकी काहींनी पदवीचा अभ्यास आणि नैराश्यावरील उपचार एकाच वेळी केले. शरीररचनाशास्त्राचे इंग्रजी ग्रंथ, अपुरी झोप आणि ‘किती गुणांवर प्रवेश मिळाला?’ या प्रश्नामागचा जातीचा डंख. अशा वातावरणात आजार बळावत गेला. पहाटे जाग यावी पण उठण्याचे बळ नसावे, पान वाचावे पण ओळ लक्षात राहू नये, हा आळस नव्हे, हे कळायला आम्हांला उशीर लागला. कळल्यावरही आम्ही गोळ्या जीवनसत्त्वांच्या डबीत लपवून ठेवल्या.

आम्ही एकटे नव्हतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सर्वेक्षणात पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थी सहभागी झाले, त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नमूद केले.

‘जो स्वतः आजारी, तो इतरांना काय बरे करणार?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. रुग्णाच्या जिवाशी खेळ कोणालाच करता येणार नाही. परंतु मधुमेह असलेला डॉक्टर इन्सुलिन घेऊन शस्त्रक्रिया करतो, तेव्हा त्याच्या योग्यतेविषयी आपण शंका घेत नाही. धोका लपवलेल्या आजारात असतो. उपचार घेणारा डॉक्टर आपल्या मर्यादा ओळखतो, गरज पडल्यास रात्रपाळी बदलून मागतो, काही काळ रजाही घेतो.

पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. मनाने बंद केल्यास आजार उलटू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. वैद्यकीय पदवी पूर्ण करण्यासाठी प्रवेशापासून नऊ वर्षांची मुदत असते. एखादे सत्र हुकल्याने आयुष्य हुकत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून सोबत्यांनी त्याची शुश्रूषा केली नव्हती. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला स्नान घातले आणि बिछान्यावर निजवले. या कथेत आम्हांला आपल्या समाजाचाही दोष दिसतो. डॉक्टर होणाऱ्या मुलावर आपण घराची, भावंडांची, साऱ्या वस्तीची आशा ठेवतो. ती आशा खोटी नाही. तिच्याच बळावर आम्ही शिकलो. पण तिच्या ओझ्याखाली तो वाकला, तर त्याची किंमत आपण उपयोगावरून करू लागतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सुट्टी नसताना मूल घरी परतले, तर परीक्षेची चौकशी पहिल्याच दिवशी करू नये. जेवलास का, झोप लागते का, एवढे विचारावे. आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जावे. जगणे नकोसे झाल्याचे त्याने बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नये, त्वरित रुग्णालय गाठावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा अहोरात्र निःशुल्क उपलब्ध आहे. शाळेनेही निरोप समारंभात पुढील शिक्षणाच्या माहितीबरोबर ही माहिती द्यावी.

आमच्यापैकी काहीजण आजही गोळ्या घेतात आणि रुग्णही तपासतात. या शाळेचा कोणी धाकटा भाऊ वा बहीण या वाटेवर अडखळली, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत त्यांच्यासोबत उभे राहण्यास आम्ही तयार आहोत.