पुतळा किती फूट?

पुतळा उभारावयाचे ठरले की आमच्याकडे पहिला प्रश्न निघतो तो 'किती फूट?' हा. मूर्ती कोणाकडे पाहते आहे, तिच्याशेजारी कोण उभे आहे, हे विचारण्यास सवड कोणाला? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नांदुऱ्याला हमरस्त्यालगत १०५ फुटी मारुती उभा आहे. भाविकांनी त्याला जरूर हात जोडावेत. आमचे भांडण देवाशी नाही, फूटपट्टीशी आहे. गुजरातेत २०१८ साली सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिल्यापासून तर ही फूटपट्टी फारच शेफारली आहे.

दगड किंवा ब्राँझ हे शिल्पाचे निम्मेच सामान. उरलेले निम्मे म्हणजे दोन देहांमधली मोकळी जागा. आईचा हात मुलाच्या खांद्यापासून वीतभर दूर असला तर एक गोष्ट सांगतो, टेकला तर दुसरी. शंभर फुटांवर ही वीत कोणाला दिसणार?

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहा. त्याचे विधान तारकाकृती. भिंत ठायी ठायी कोन घेऊन वळते. त्यामुळे एका अंगाची मूर्ती शेजारच्या मूर्तीकडे वळल्यासारखी भासते, आणि आपण प्रदक्षिणा घालू तसतशी त्यांच्यातली अंतरे बदलत जातात. पाहणाऱ्याची पावलेही तेथे हिशेबात धरलेली आहेत.

परदेशातही हाच तंटा झाला. रोदँ या फ्रेंच शिल्पकाराने कॅले शहराचे सहा नागरिक घडविले; गावासाठी मरायला निघालेले, एकत्र असूनही एकेकटे. ते जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांत असावेत ही त्याची इच्छा. गावाने १८९५ साली त्यांना चौथऱ्यावर चढवून भोवती लोखंडी कठडा घातला. खाली उतरविले ते १९२४ साली, शिल्पकार वारल्यावर सात वर्षांनी!

कोणी म्हणेल, उंचीने आदर वाढतो. वाढत असेल, पण मान उंचावली की नजर भेटत नाही. १५९८ साली जिजाऊ जन्मल्या त्या सिंदखेडराजाला दर १२ जानेवारीस बायाबापड्या लेकरे कडेवर घेऊन येतात. त्यांना तेथे एक आई भेटावयास हवी.

म्हणून पुतळा समित्यांना एवढेच सांगणे: पुढचे शिल्प सांगताना आधी विचारा, यात कोणाचे कोणाशी नाते आहे? माणसाला त्याभोवती फिरता येईल का? फुटांचा हिशेब मग गवंड्याशी करा.